डाव्या टायरची कड

पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा दोन मिलिमीटर जास्त झिजली होती. शर्वाणीने पुन्हा मोजून पाहिलं.

“गाडी आपोआप चालते तेव्हा टायर दोन्ही कडांना सारखा झिजतो,” टायरचे दुकानदार इरफानभाई म्हणाले. “ही हाताची झीज आहे, ताई. वळणावर कुणीतरी स्टिअरिंग धरतंय.”

“रस्तेच तसे आहेत,” तिचे वडील अण्णा म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वी बजावलं होतं, की अण्णांना डावीकडचं दिसत नाही, त्यांनी गाडी चालवायची नाही. तेव्हापासून आपली स्वयंचलित स्पोर्ट्स कार स्वतःच चालते, आपण स्टिअरिंगला हात लावत नाही, असं अण्णा सांगत. रोज संध्याकाळी ते शीळ घालत घरी येत. शर्वाणीला शंका यायची, पण ती विचारायचं टाळत असे.

“मऊ देऊ की कडक?” इरफानभाईंनी विचारलं. “हाताने चालवणारे मऊ घेतात, वळणावर पकड चांगली मिळते.”

“मऊच,” अण्णा म्हणाले. “कडक टायरवर गाडी नाही, बैलगाडी होते.”

“गाडी तुम्ही चालवतच नाही ना, अण्णा?” शर्वाणीने विचारलं. “ मग मऊ कशाला?”

अण्णांचा हात चहाचा ग्लास शोधत टेबलावर फिरला. ग्लास डावीकडे, कोपराला लागूनच होता.

शर्वाणीने तो त्यांच्या हातात दिला.

“कडक लावा, इरफानभाई,” ती म्हणाली, “आणि स्टिअरिंग आजच काढून टाका.”