डावा हात

भरतीचं पाणी बांधातून आत येतंय, हे ओट्यावर बसवलेल्या हिरामण गुरुजींनी सर्वांत आधी पाहिलं. अंगणात चारशे माणसं बसली होती. पण सगळ्यांची तोंडं गुरुजींकडे आणि पाठ खाडीकडे.

गुरुजींनी ओरडायचा प्रयत्न केला. घशातून नुसती घरघर आली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांची वाचा नेली, उजवी बाजू नेली. उरला डावा हात.

वाचा होती तेव्हा बारा वर्षं, दर गुरुवारी, पेणजवळच्या खाडीकाठच्या याच अंगणात ते आपलं तत्त्वज्ञान सांगत. देवाची, सरकारची, गुरूची वाट बघू नका. आपला बांध आपण राखा. कुणी रडगाणं घेऊन आलं की विचारत, "मग तू काय केलंस?" हा प्रश्न कुणाला सोसत नसे. मोजून पाच जण यायचे, त्यातले दोन पेंगायचे.

मग वाचा गेली. शेजारची जनी भेटायला आली आणि पोराच्या दारूपायी पोटभर रडली. गुरुजी काय बोलणार? जनी हलकी होऊन गेली नि गावभर सांगत सुटली, "गुरुजी आता कुनाला काय इचारत नाय गो, नुसतं ऐकून घेतात!"

झालं! पेणहून रिक्षा आल्या, रोह्याहून टेम्पो भरभरून आले. पंथाला नाव पडलं, मौनमार्ग. जुन्या पाचांतला शिवा आता गुरुजींच्या हाताच्या खुणांचे अर्थ सांगू लागला. गुरुजी आतल्या आत जळत, पण सांगणार कशाने?

गावाने मिळून बांधाला चिखल लावायचा वारही गुरुवारचाच. या बैठकीपायी ते काम केव्हाच बंद पडलं होतं. आज अमावास्येचं उधाण, भर दुपारी बांध फुटून खांड पडली. खारं पाणी शिरलं की तीन वर्षं भाताचा दाणा पिकणार नव्हता. बांधालगतचं पहिलं शेत शिवाचंच होतं.

गुरुजींनी सगळा जीव डाव्या हातात आणला. बोट समोर, बांधाकडे रोखलं. डोळ्यांतून धारा लागल्या.

पायाशी बसलेला शिवा गहिवरला. "बगा! आज गुरुजींनी बोट दाखवलं. सगल्यांनी डोले मिटा आन् तसाच हात समोर करा!"

चारशे माणसांनी डोळे मिटले. चारशे डावे हात उठले. बांधाकडे त्यातलं एकही बोट नव्हतं. चारशेच्या चारशे गुरुजींवर रोखलेली होती.