स्वर्गाच्या दारातली घंटा

गणपतराव आणि बायडाबाई रिक्षातून उतरताना दिसले आणि स्वप्नालीला टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

बायडाबाई वॉकर धरून एकेक पाऊल टाकत होत्या. गणपतरावांच्या एका हातात स्टीलचा डबा होता, दुसऱ्या हातात घडी पडलेलं पत्रक. तेच. चार महिन्यांपूर्वी तिनं लिहिलेलं.

राजारामपुरीतल्या या टूर कंपनीत सहलींची पत्रकं मराठीत लिहिणं हे स्वप्नालीचं काम. चीनच्या हुनान प्रांताची सहल ठरली तेव्हा मालक उदयसिंहांनी तिच्यापुढं फोटो आणि इंग्रजी कागद टाकले. म्हणाले, "वाचणाऱ्यानं तशीच चप्पल घालून निघालं पाहिजे बघ." तिनं लिहिलं. ढगांतून वर आलेले दगडी सुळके, दरीवरचा काचेचा पूल, नदीकाठचं फेंगहुआंग नावाचं जुनं गाव. सगळं कागदाबरहुकूम. मग आला तियानमेन डोंगर. डोंगराला वर आरपार कमान, तिला तिथले लोक स्वर्गाचं दार म्हणतात, आणि त्या दारापर्यंत नऊशे नव्याण्णव पायऱ्या. इथं तिचा हात सुटला. पोरगी जोतिबाच्या पायऱ्या चढत वाढलेली. एवढ्या पायऱ्या, वर स्वर्गाचं दार आणि तिथं घंटा नाही, हे तिच्या डोक्यातच शिरेना. तिनं लिहून टाकलं, 'वर पोहोचल्यावर लोक मोठी घंटा वाजवतात. तिचा नाद दरीभर घुमतो.' कागदांत घंटेचं नाव नव्हतं. उदयसिंहांना नेमकं तेच वाक्य सगळ्यात आवडलं.

बायडाबाईंनाही तेच आवडलं. गणपतराव वारणानगरच्या डेअरीतून निवृत्त झालेले. दोघांनी जोडीनं नावं नोंदवली. निघायला पंधरा दिवस असताना बायडाबाई मोरीत घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. गणपतराव एकटे जायला तयार होईनात. बायडाबाईंनी दवाखान्यातूनच स्वप्नालीला फोन लावला.

"पोरी, घंटा हाताला येतीया न्हवं? लई उंच न्हाय?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण स्वप्नाली म्हणाली, "येते की, आजी."

"मग झालं. घंटा वाजिवल्याबिगर देवाला कळत न्हाय कोण आलंय त्ये. ह्यांस्नी म्हटलं, माझ्या नावानं वाजवून या. म्हंजे मी बी आलते असं हुईल."

परवा सहल परत आली. सहलीबरोबर गेलेल्या आदर्शनं पाठीवरची बॅगसुद्धा न उतरवता विचारलं, "ती घंटा कुठनं आणलीस गं? सगळी वर सरकत्या जिन्यानं गेली. आजोबा म्हणाले, बायकोच्या नावाची घंटा हाय, पायानंच चढणार. एकाहत्तर वय! वर गेले आणि तासभर घंटाच शोधत बसले. तिथल्या झाडूवाल्याला हातानं ठण ठण करून दाखवलं." आदर्शला हसू आवरत नव्हतं. स्वप्नालीनं मात्र पत्रक काढून ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

आता दोघं समोर येऊन बसले. तिनं मनाचा हिय्या केला.

"आजोबा, मला सांगायचंय. ती घंटा..."

"वाजिवली की!" गणपतराव एवढ्या मोठ्यानं बोलले की पलीकडं आदर्शच्या हातातला चहा सांडला. "तीन डाव वाजिवली. हिच्या नावानं." आणि बायकोच्या आडून त्यांनी स्वप्नालीला डोळ्यांनीच गप्प बसवलं.

"मी ऐकली की," बायडाबाई म्हणाल्या. "वरनंच फोन लावलता ह्यांनी. ठण, ठण, ठण. तीन डाव."

स्वप्नालीला काही कळेना. नसलेली घंटा फोनवर ऐकू कशी आली? पण दोघांचे चेहरे असे खुलले होते की विचारायची तिला लाज वाटली.

गणपतरावांनी डबा पुढं सरकवला. "शेंगदाण्याचं लाडू हायती. हिनं बसल्या जागी वळल्यात, खास तुझ्यासाठी. डेअरीत रोज ह्योच डबा असायचा माझ्यासंगं. आता चीन बी बघून आला गडी. दशम्या न्हेलत्या त्यातनं." डब्याच्या झाकणाला चांगला मोठा पोचा आला होता. मग ते रिक्षा बघायला म्हणून उठले. ऑफिसला तीनच पायऱ्या. गुडघा हातानं धरून ते एकेक उतरले. स्वप्नालीला ते बघवलं नाही.

ते रस्त्यावर पोहोचले आणि तिचा बांध फुटला.

"आजी, माझी चूक झाली. तिथं घंटा नव्हतीच. मी मनानं लिहिलं. तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोलले."

बायडाबाईंनी आधी दाराकडं बघून घेतलं.

"हळू बोल. त्यांच्या कानावर जाईल."

मग त्यांनी डबा जवळ ओढला आणि झाकणावरच्या पोच्यावरनं बोट फिरवलं.

"चाळीस वर्सं घासलाय मी ह्यो डबा, पोरी. ह्येचा आवाज मला वळखू येत न्हाय व्हय?"