दोराचं टोक

दवंडीवाल्याने लिसानिआसच्या गळ्यात दोराचा फास सरकवला आणि दुसरं टोक कोणी धरायचं ते ठरवायला नावांच्या मडक्यात हात घातला.

आमच्या गावचा रिवाजच तसा. ज्याला नवा कायदा करायचाय किंवा जुना मोडायचाय, त्याने गळ्यात दोर घालून सभेपुढे उभं राहायचं. लोकांना पटलं तर दोर काढायचा, नाही पटलं तर तिथल्या तिथे आवळायचा. साठ वर्षांत दोघेच उभे राहिले आणि दोघेही त्याच जागी गेले. त्यानंतर कुणाला काही सुचलंच नाही.

आणि हा लिसानिआस, चपला शिवणारा, तीन नातवंडांचा आजोबा, नेमका त्या दोराचाच कायदा मोडा म्हणायला उभा होता. सकाळी बायकोने जवाची भाकरी पुढे ठेवून सांगून पाहिलं होतं, की चपला शिवा गुमान, गाव काही तुमच्यावाचून अडलेलं नाही. त्याने भाकरी खाल्ली, हात धुतले आणि निघाला. छाती लागते बाबा त्याला.

मडक्यातून नाव निघालं फेडिमोसचं. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. फेडिमोस तेलाच्या घाण्याचा मालक. गेली वीस वर्षं रोज दुपारी तो लिसानिआसच्या दुकानाच्या पायरीवर बसायचा आणि दोघं तावातावाने भांडायचे. विषय एकच, नगर असावं तर कसं असावं. राज्य शहाण्याने करावं की चिठ्ठीत नाव निघेल त्याने, कायदा मोठा की माणूस. गिऱ्हाईक एक पाय अनवाणी ठेवून ताटकळत उभं राहायचं. वीस वर्षांत दोघांचं एकदाही एकमत झालं नाही आणि एकही दुपार चुकली नाही.

फेडिमोस पुढे आला. दोस्ताकडे न बघता त्याने दोराचं टोक घेतलं आणि रिवाजाप्रमाणे मनगटाला दोन वेढे दिले.

लिसानिआस थोडंच बोलला. साठ वर्षांत आपण एकही कायदा बदलला नाही, तो आपण फार शहाणे म्हणून की फार भ्यालेले म्हणून, एवढं त्याने विचारलं. मग म्हणाला, "पोराचा पाय वाढतो. जुनीच चप्पल घालायची म्हटलं, तर पाय कापावा लागेल."

दोर धरणाऱ्याला मत नसतं, पण बोलायची मुभा असते. मैत्रीखातर फेडिमोस गप्प बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो बसला नाही. हातात दोर धरूनच तो विरोधात बोलला, आणि असा बोलला की डुलक्या घेणारे म्हातारेसुद्धा ताठ झाले. "जैतुनाचं झाड दर साली उपटून नव्याने लावलंत, तर तेल कधी काढाल?" दोर गेला की ज्याला त्याला रोज नवा कायदा सुचेल, श्रीमंत मतं विकत घेतील आणि गरीब ती विकतील, असं त्याने बजावलं. लिसानिआसकडे वळलेली निम्मी माणसं त्याने परत फिरवली. बोलताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण एक शब्द त्याने सौम्य केला नाही. मला तेव्हा त्याचा राग आला. आज आदर वाटतो.

मतांचे खडे पडले. लिसानिआसच्या बाजूने पांढरे एकशे त्रेचाळीस, विरोधात काळे एकशे त्रेचाळीस. दवंडीवाल्याने दोनदा मोजले.

असं कधी झालंच नव्हतं. सभेतल्या सगळ्यात वृद्ध माणसाने जुना नियम आठवून सांगितला, मतं सारखी पडली तर निकाल दोर धरणाऱ्याचा. त्याने दोर ओढला तर कायदा राहिला, सोडला तर कायदा गेला.

फेडिमोसची मूठ पांढरी पडली. लिसानिआस त्याच्याकडे वळला.

"माझ्या गळ्याकडे बघून ठरवू नकोस," तो म्हणाला. "माझं म्हणणं चूक वाटत असेल तर ओढ. उगाच दया दाखवलीस, तर वीस वर्षं आपण नुसत्या गप्पा मारल्या असं होईल."

फेडिमोसने मनगटाचा एक वेढा सोडवला, दुसरा सोडवला. दोर मातीत पडला.

सभेतून गलका उठला. फेडिमोसने तिकडे लक्ष दिलं नाही. तो सरळ लिसानिआसजवळ गेला आणि त्याच्या गळ्यातला फास स्वतः सैल करू लागला.

"मला अजून पटलेलं नाही," तो म्हणाला. "पण एकाच्या गळ्यात फास असताना वाद बरोबरीचा होत नाही. आता गळा मोकळा झालाय, तर नीट उत्तर दे. उद्यापासून सगळेच बोलायला लागले, तर ऐकणार कोण?"