कपड्यांचा चिमटा

तिने टबवरची फळी उचलली आणि तशीच मागे सरली. हिरवट पाण्याला कुजका वास येत होता. तळाच्या चिखलातून काहीतरी हललं. चतुराची, त्या लांब पंखांच्या उडत्या किड्याची अळी. बोटाच्या पेराएवढी, चिखलाच्याच रंगाची. तिच्या तोंडाखालून आकडा सपकन बाहेर आला आणि शेजारून जाणारी दुसरी अळी त्यात अडकली. आपल्याच जातीची अळी ती सावकाश चावू लागली.

तिने नाक दाबून धरलं. या घाणीपायी बाबा गच्ची सोडत नसत. नऊ वर्षांपूर्वी आई गेली त्या दिवशीही, खाली माणसं जमलेली असताना, ते चहाची गाळणी घेऊन वर आले होते. तेव्हापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. आता त्यांनाही जाऊन तीन आठवडे झाले होते.

"आधी ते डबकं ओत, मग बाकीचं आवरू," दादाने खालून सांगितलं.

टबच्या कडीला सुतळीने कपड्यांचा एक चिमटा बांधला होता. गच्चीवर दोरी नव्हती, कपडे नव्हते. तिने तो बाजूला सारला आणि टब तिरका केला.

"ओततेस?" शेजारच्या गच्चीवरून काकूंनी विचारलं. त्या कपडे वाळत घालत होत्या.

"मग काय करू, काकू? बाबांचं खूळ मी कशाला सांभाळू?"

"बाबांचं कुठलं? तुझ्या आईचं ते. तुला शिसारी येते म्हणून तू यायच्या दिवशी ती टबवर फळी टाकायची. पंख फुटले की समुद्रापार जातात, म्हणायची. गेलेला परत येत नाही, त्याची नातवंडं येतात. तोवर पाणी राहायला हवं."

"आणि बाबा?"

"ती गेली त्या दिवशी पहिल्यांदा वर आले. खायला नसलं की एकमेकांना खातात ना हे, म्हणून बादलीतल्या डासांच्या अळ्या घालायच्या यांना. गाळणी बुडवली आणि कठड्याशी तीनदा ओकले बिचारे. शेवटी मीच दोरीवरचा चिमटा काढून दिला. म्हटलं, नाकाला लावा."

तिने टब सरळ केला. शेजारच्या बादलीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्या टबात घालायला तिने बादलीशेजारची चहाची गाळणी उचलली. तिने सुतळी सोडली आणि चिमटा नाकाला लावला.

त्याची स्प्रिंग कधीच सैल झाली होती. वास तसाच्या तसा येत होता.