तिसरा रेड डॉट

पेनसिल्व्हेनियात हरणांची शिकार सुरू व्हायला चार दिवस उरले होते आणि लाइलने नेम धरायचा तिसरा रेड डॉट रायफलसकट डेनीच्या दुकानात काउंटरवर आणून आपटला.

“हाही भंगार! काचेतला लाल ठिपका गोल हवा की नको? हा तर द्राक्षांचा घोस दिसतोय.”

डेनीने मोबाइलने काचेतल्या ठिपक्याचा फोटो काढून दाखवला. ठिपका टिकलीसारखा गोल होता. मग त्याने लाइलला काचेतून बघायला लावून रायफल कुशीवर वळवली. लाइलला दिसणारा घोस मात्र तसूभरही वळला नाही.

“ठिपका ठीक आहे रे, खोट तुझ्या डोळ्यात आहे. सिलिंड्रिकल नंबर आहे तुला. आधी चष्मा कर.”

“मला चष्मा?” लाइल उसळला. “एकोणीस वर्षं ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात गावाचे डोळे तपासतोय मी!”



डेनीने रायफल बाजूला सरकवली. “तेच विचारायचंय. मार्चमध्ये तू माझ्या आईला नापास केलंस, तेव्हा तिने नक्की कोणती अक्षरं चुकवली होती रे?”