केक आणणारी माणसं

समदर्शी हे पगार ठरवणारं यंत्र आलं आणि स्त्री-पुरुष भेदभाव कायमचा इतिहासजमा झाला, असं कंपनीच्या दारावर पितळी अक्षरांत लिहिलं होतं. त्याच दारातून वृंदा खांबेटे तणतणत आत शिरली. तेच काम करणाऱ्या हृषीकेशला तिच्या दीडपट पगार आहे, हे तिला नुकतंच कळलं होतं.

"मी बाई आहे म्हणून ना?" तिने यंत्राला विचारलं.

"तुम्ही बाई आहात हे मला आत्ता कळतंय, मॅडम," समदर्शी अदबीने म्हणालं. "कोण किती कमी पगारात टिकेल, एवढंच मला बघायचं असतं. सगळ्यांच्या वाढदिवसाची वर्गणी काढून केक आणणारी माणसं नोकरी सोडत नाहीत, असा अनुभव आहे. तुम्ही तर सुरीसुद्धा घरून आणता."

"मग लिहून घे. आजच राजीनामा देतेय मी."

"लिहिलं. पण आज हृषीकेशचा वाढदिवस आहे."

वृंदा दारापर्यंत गेली आणि थबकली.

"उद्याची तारीख टाक," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हिशेबखात्यातल्या गद्रेकाकांचा वाढदिवस होता.