तळ्याकाठचा बंगला

"मावशी, तुम्ही मंडपात सावलीला बसा. हे लाइफस्टाइलचं आहे, तुम्हाला नाही कळायचं," हरिचंद म्हणाला आणि कमलबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हरिचंद म्हणजे बंगले विकणारा माणूस. पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात ओळखपत्र, तोंडात साखर. वसमतपासून वीस मिनिटांवर, एका जुन्या तळ्याच्या काठी, त्याच्या मालकांनी 'नीलतीर सिटी' काढली होती. सिटी म्हणे! एक वीट अजून रचलेली नव्हती. नुसत्या चुन्याच्या रेघा, रंगीत झेंडे आणि पाडव्याच्या बुकिंगची कमान. कमानीखाली नांदेडहून, परभणीहून आलेल्या गाड्या लागलेल्या.

कमलबाई मंडपात बसली न्हाई. पदर खोचून लेकाच्या मागं मागं चालत राहिली.

लेक रविंद्र. बावीस वर्षं पुण्यातल्या कंपनीत रगडला. आता कुरुंद्याला माय एकटी, म्हणून जवळपास घर करून कायमचं यायचं, असं नवराबायकोनं ठरवलेलं. आयुष्यभराची शिल्लक या एका बंगल्यात जाणार होती. चेक लिहून, सही करून खिशात ठेवलेला. आईला त्यानं मोठ्या हौसेनं कुरुंद्याहून गाडीत घालून आणलं होतं.

"सकाळी उठलं की जॉगिंग ट्रॅक," हरिचंद हातातल्या नकाशावर बोट नाचवत होता. "संध्याकाळी बोटिंग. गळ टाकून मासे धरा, दुर्बिणीतून पक्षी बघा. हिवाळ्यात काठावर हुरडा पार्टी. पुण्यात हे सुख पैसे देऊन मिळत नाही, सर."

"आणि आजूबाजूच्या गावातले लोक?" सुनेनं, नितानं विचारलं.

"गेट आहे ना, मॅडम. गुरं नाहीत, धुणं धुणाऱ्या बाया नाहीत. तळं फक्त आपलं."

"तुमचं कवापासून झालं तळं?" कमलबाईनं विचारलं.

"माय, जरा गप," रविंद्र पुटपुटला.

पोटच्या पोरानं चारचौघांत गप बसवलं. कमलबाईला लई लागलं ते. पण लेकाच्या आनंदात विरजण नको म्हणून तिनं ओठ दाबून धरले आणि नजर दुसरीकडं वळवली.

बंगल्यांच्या रेघांमध्ये मुरमाचे उंचवटे उभे होते. एका ओळीत, सारख्या अंतरावर, तिच्या डोक्याच्याही वर गेलेले. ऊनपावसानं झिजलेले, पण बाजू अजून सरळ. एकाला तर रंगीत लाइटची माळ गुंडाळून पुढं बाकडं टाकलेलं.

"हा आपला सेल्फी पॉइंट," हरिचंद म्हणाला. "बघा, निसर्गाची कशी किमया असते. हजारो वर्षांच्या टेकड्या आहेत या. तुमचा बंगला नेमका याच्या शेजारी येतो, सर."

रविंद्रनं खिशातून चेक काढला.

कमलबाई उंचवट्याजवळ गेली. मुरमावर तळहात ठेवला. मग मागं वळून तिनं लांबवर दिसणारा तळ्याचा बांध बघितला, आणि तिचा चेहरा पार बदलला.

"ठेव तो कागद खिशात," ती म्हणाली.

"काहून? काय झालं?"

"ही टेकडी न्हाई. हे मटाम हाय. मी सोडलेलं."

हरिचंद हसला. रविंद्र मात्र हसला न्हाई. मायचा हा आवाज त्याला ओळखीचा होता.

"बहात्तरच्या दुष्काळात मी अठरा वर्षांची, नवी नवरी. चार गावांतली माणसं ट्रकात घालून दुष्काळी कामाला नेली होती. तळ्याचं नाव बी आता आठवत नव्हतं. इथं आमी टिकाव मारला, टोपल्या भरून माती त्या बांधावर टाकली. खोदताना मधी मधी एक खांब तसाच सोडायचा. त्याला मटाम म्हणत. ओव्हरसियर यायचा, मटामाच्या माथ्यापासून खाली टेप लावायचा आणि किती खोल खोदलं ते मोजायचा. माथा म्हंजे आधीची जमीन. ती बघ, माझ्या डोक्याच्या वर हातभर."

रविंद्रनं मान वर केली. मग हळूच खाली, आपल्या बुटांकडं बघितलं.

"आणि पाणी?" त्यानं विचारलं.

"पुढच्या पावसाळ्यात तळं भरलं, तवा बघायला आलतो आमी. एक मटाम दिसत नव्हतं. सगळी पाण्याखाली." कमलबाईनं पायाखालची जमीन टाचेनं ठोकली. "आपण काठावर न्हाई, रविंद्र. आपण तळ्यात उभे हाव. ह्या भाड्यानं तळ्याचा तळ इकायला काढलाय."

निताचा हात तोंडावर गेला. रविंद्रनं चेकची घडी घातली, परत उघडली आणि मधोमध फाडली.

हरिचंदनं आधी मंडपाकडं नजर टाकली. तिथं दोन कुटुंबं फॉर्म भरत बसली होती. मग तो कमलबाईच्या अगदी जवळ आला. तोंडातली शहरी भाषा कुठल्या कुठं गेली.

"मावशी, हळू बोला जरा. सात वर्षं झाली, पाणी इथवर आलेलं न्हाई."

कमलबाईनं त्याच्याकडं एकदा नखशिखांत बघितलं. मग मंडपाकडं तोंड करून, बांधावरच्या माणसाला हाक जाईल असा आवाज काढला.

"ओ ताई, ते फॉर्म ठेवा खाली आणि इकडं या. तुमच्या बंगल्यात किती पाणी येतं, ते दावते."